ताल आधी अंगात चढतो

सात महिन्यांचं बाळ कुणीतरी दोन्ही हातांत धरलं आहे आणि सहा मात्रांचा एक साधा ठेका वाजतो आहे. एकाही मात्रेवर जोर नाही, त्यामुळे तो दोन-दोनच्या गटांनी मोजायचा की तीन-तीनच्या, हे नुसतं ऐकून ठरत नाही. दोन मिनिटं बाळाला त्या ठेक्यावर खालीवर नाचवायचं, काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेला आणि काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन्ही ठेके ऐकवले, तर ज्या हिशेबाने बाळ नाचलं होतं तोच ठेका ते जास्त वेळ ऐकत राहतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांचा हा प्रयोग 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळांचे डोळे बांधले तरी निकाल बदलला नाही. पण बाळ स्वतः न हलता दुसऱ्याला हलताना नुसतं बघत बसलं, तेव्हा मात्र हा परिणाम दिसला नाही.

बघून ताल येत नाही, हलून येतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी तरी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

यामागची रचना कानातच आहे. आतल्या कानात ऐकण्याचा शंखाकृती भाग आणि तोल सांभाळणारा भाग एकमेकांना लागूनच असतात. तोलाच्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका गोल फिरणं टिपतात, आणि दोन छोट्या पिशव्यांमधले चुन्याचे सूक्ष्म खडे खालीवर, पुढेमागे होणारी हालचाल टिपतात. बाळाला झुलवलं की हे खडे हलतात आणि त्यांचा संदेश मेंदूत आवाजाच्या संदेशाला जाऊन मिळतो. म्हणजे आजीने थोपटत, झुलवत म्हटलेलं गाणं आणि मोबाईलवर लावून समोर ठेवलेलं तेच गाणं बाळाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दौलतगंजाचंच घ्या. ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तिचंच हे लष्कर झालं. संगीताचं म्हणाल तर गावाला काही कमी नाही. 1914 साली कृष्णराव शंकर पंडितांनी लष्करात गांधर्व विद्यालय काढलं, 1918 साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय उभं राहिलं, आणि 2023 साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरींच्या यादीत घेतलं. पण इथलं मूल संगीताशी पहिली औपचारिक ओळख करून घेतं ती मांडी घालून, सतरंजीवर, हाताने टाळी-खाली दाखवत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते शोभतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याआधी पायांनी, कमरेने, सगळ्या अंगाने मात्रा मोजायला मिळाल्या पाहिजेत, आणि त्यासाठी लागते मोकळी जागा. गल्लीत दुचाक्यांची रांग, वाड्यांच्या जागी मजले, चौक गेलेले. मूल नाचणार कुठे?

याचं उत्तर आपल्याकडे जुनंच आहे. नवरात्रात पाटावर हत्ती मांडून त्याभोवती फेर धरला जातो तो भोंडला बघा. हात धरलेले, पावलं एका लयीत, गाणं सगळ्यांचं. रोज एक गाणं वाढत जातं, म्हणजे कालचं आज पुन्हा म्हणून पक्कं होतं. चिमुरडं मूल शब्द चुकतं, पाऊल मात्र शेजारणीच्या ओढीने बरोबर पडतं. शेवटी खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा हलवायचा, कान लावायचा, खुळखुळतंय की थपथपतंय ते ऐकायचं. फुटाणे, लाडू आणि ओला शिरा यांचे आवाज वेगळे येतात हे मूल पुस्तकाविना शिकतं. आवाजावरून आतल्या वस्तूचा अंदाज बांधणं हे अस्सल ध्वनिशास्त्र आहे.

याच दिवसांत ग्वाल्हेरच्या गल्ल्यांत हिंदी घरांतली मुलं टेसू घेऊन दारोदार गात फिरतात. तीन काड्यांच्या तिकाटण्यावर बसवलेलं टेसूचं मुंडकं मुलांच्या हाती, आणि भोकं पाडलेल्या मडक्यात दिवा ठेवलेली झांझी मुलींच्या हाती. शरद पौर्णिमेला दोघांचं लग्न लागतं. दौलतगंजातल्या मराठी मुलांना भोंडला आणि टेसू दोन्ही मिळू शकतात. हे भाग्य पुण्यातल्या मुलांना नाही.

एकत्र हलण्याचा परिणाम तालापुरता राहत नाही. ट्रेनर यांच्याच प्रयोगशाळेत लॉरा सिरेली आणि सहकाऱ्यांनी 2014 साली 14 महिन्यांच्या बाळांना गाण्यावर नाचवलं. समोरची बाई बाळाच्या लयीत हलली असेल, तर नंतर तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला बाळं जास्त तत्परतेने पुढे आली. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांना 2009 साली असं आढळलं, की अडीच वर्षांपासूनची मुलं यंत्राबरोबर वाजवताना चुकतात, पण माणूस समोर बसून ढोल वाजवत असेल तर त्याच्याशी लय बऱ्यापैकी जुळवतात. लहान मुलाला ताल शिकवायला स्पीकरपेक्षा आत्या बरी.

मात्र आत्याने आपली लय मुलावर लादू नये. मोठ्या माणसाला मनाला येईल तशी टाळी वाजवायला सांगितली तर ती सावकाश पडते. चार-पाच वर्षांच्या मुलाची टाळी बरीच द्रुत असते. म्हणून सुरुवातीला मुलाच्या पावलांमागे गाणं न्यावं. विलंबिताची गोडी त्याला नंतर लागेलच.

ठेक्यांची विविधताही लवकर कानी पडायला हवी. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांच्या प्रयोगांत उत्तर अमेरिकेतल्या घरांतली सहा महिन्यांची बाळं बाल्कन देशांतल्या विषम मात्रांच्या ठेक्यांतला बिघाड ओळखत होती. बारा महिन्यांच्या बाळांना तो ओळखता येईना. पण तसलं संगीत थोडे दिवस घरी ऐकवल्यावर ही मोठी बाळंही तो पुन्हा ओळखू लागली. आपल्याकडे सात मात्रांचा रूपक आहे, दहांचा झपताल आहे. केरवा-दादऱ्यावर थांबू नये. तीन-दोन-दोन अशी पावलं टाकत अंगणात फेरी मारणं चार वर्षांच्या मुलाला खेळच वाटतो.

हे घरातल्या घरात का नको? एक कारण डोळ्यांचं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी, त्या मुलांपैकी 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, इतर शाळांत 39.5 टक्के. खोलीत प्रकाश काही शे लक्स असतो, बाहेर सावलीतही तो हजारांत जातो. दुसरं कारण आवाजाचं. वीस मुलं बंद खोलीत ओरडली की भिंतींवरून गोंगाट परत येतो आणि कुणालाच काही कळत नाही. आकाशाखाली आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की तो 6 डेसिबलने उतरतो. म्हणूनच फेर धरायचा, सगळ्यांचं मध्यापासून अंतर सारखं राहतं आणि शेजारच्याचा सूर कानाशीच असतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीत अंगणाचं हे मोल ओळखलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, पुढे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात गेली. गाणी आणि खेळ तिथल्या शिक्षणाचा कणा होते. ताराबाईंचं बालपण इंदूरचं, म्हणजे मध्य भारतातल्या मराठी माणसांना त्या परक्या नाहीत.

फुगडीबद्दल एक सावधगिरी. पाच वर्षांखालच्या मुलाला मनगट धरून गरगर फिरवू नये, झटक्याने ओढूही नये. कोपरातलं हाड जागचं सरकतं आणि मूल हात हलवेनासं होतं. तसं झालं तर डॉक्टरांकडे न्यावं. फिरवायचंच असेल तर काखेत धरून.

आणि एक मागणी. फूलबागेत किंवा वस्तीतल्या एखाद्या उद्यानात नळ्यांचा झांजपाट, म्हणजे टिपरीने वाजवायच्या टांगलेल्या नळ्या, बसवावा. बाड्याच्या आसपासचा कुठलाही वेल्डर तो करून देईल. एकाच जाडीची लोखंडी नळी घ्यावी. नळीची लांबी अर्धी केली तर तिची कंपनसंख्या दुप्पट नाही, चौपट होते, म्हणून हिशेब वर्गमुळाचा आहे. सा 60 सेंटिमीटरचा धरला तर रे 56.6, ग 53.7, प 49, ध 46.5 आणि वरचा सा 42.4. प्रत्येक नळी दोन्ही टोकांपासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर, म्हणजे सा असेल तर 13.4 सेंटिमीटरवर, दोरीने टांगावी. तिथे नळी कंप पावत नाही, त्यामुळे स्वर दबत नाही. उंची तीन वर्षांच्या मुलाच्या छातीइतकी. रबरी डोक्याची टिपरी साखळीने बांधून ठेवावी. भोवती दहा-बारा मुलं नाचतील एवढी मऊ माती. शेजारी कुठलाही फलक, कुठलंही शिकवायचं गाणं नको. मूल दोन्ही हातांनी बडवू लागलं तर बडवू द्यावं. हे भूप रागाचे स्वर आहेत, पाचही एकदम वाजले तरी कानाला फारसे खुपत नाहीत, म्हणून तर ते निवडायचे.