दहा रकान्यांतली पसंती

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रमासाठी दहा रकाने असतात. कोणतं कॉलेज आधी आणि कोणतं नंतर, एवढंच तिथे भरायचं. कोणतं किती आवडतं हे लिहायला जागा नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि दहावीच्या निकालानंतर मुलांना हा अर्ज भरायला मदत करते. तेव्हा एखादी आई हमखास विचारते, "मॅडम, हिला पहिलं कॉलेज अगदी मनापासून हवंय, बाकीची आपली नाइलाजानं टाकलीत. हे त्यांना कळणार कसं?" कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. हे इतक्या ठामपणे म्हणता यायला अर्थशास्त्राला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

सुख-दुःखाचा हिशेब मांडता येतो, ही बेन्थॅमची १७८९ सालची कल्पना. १८७१ मध्ये जेव्हन्सने त्यावर किमतीचा सिद्धांत उभा केला. एजवर्थने १८८१ मध्ये माणसाचं सुख क्षणाक्षणाला नोंदवणाऱ्या यंत्राची कल्पना केली. मार्शलने १८९० मध्ये व्यवहारी तोडगा काढला : एखाद्या वस्तूवाचून राहण्यापेक्षा माणूस जितके पैसे मोजायला तयार होतो, तितकी ती वस्तू त्याला हवी. बारावीच्या मुलांना आपण शिकवतो तो घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत याच घराण्यातला. पहिल्या नगापुढे मोठा आकडा, मग उतरते आकडे, शेवटी शून्य आणि त्याखाली उणे. उपयोगिता संख्येत मोजता येते हे त्या सिद्धांताचं एक गृहीतक आहे. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि आकडे मात्र खरेच धरून चालतात. मला याची मनापासून काळजी वाटते, कारण हीच मुलं पुढे "त्याला माझ्यापेक्षा दुप्पट आनंद झाला" असली वाक्यं शास्त्र म्हणून बोलतील.

म्हणून मी फळ्यावर तीन कॉलेजं लिहिते : क, ख, ग. क सगळ्यांत पसंत, मग ख, मग ग. त्यांच्यापुढे ३, २, १ लिहिते. मग ते पुसून १०००, ९९९, १ लिहिते. मग शून्य, उणे पाच, उणे सहाशे. आणि विचारते, मुलीने भरायच्या अर्जात काही बदललं का? काहीच बदललं नाही. क्रम तोच, म्हणून निवडही तीच. उपयोगिता म्हणतात ती एवढीच : पसंतीच्या क्रमावर चिकटवलेली आकड्यांची पट्टी. जास्त पसंतीला मोठा आकडा मिळाला की तिचं काम झालं. दोन आकड्यांतल्या अंतराला अर्थ नाही, दुपटीलाही नाही. पारेतोने १९०६ च्या आपल्या ग्रंथात ही दिशा धरली आणि १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी ग्राहकाचा सगळा सिद्धांत केवळ क्रमावर पुन्हा मांडून दाखवला. मागणी वक्र काढायला सुखाचं माप लागतच नव्हतं.

पण क्रम तरी फुकट मिळतो का? नाही. त्यासाठी दोन अटी लागतात आणि दोन्ही दिसतात त्याहून कडक आहेत.

पहिली अट पूर्णतेची. कोणतीही दोन कॉलेजं समोर ठेवली तर मुलीला सांगता आलं पाहिजे की हे त्याच्याइतकं तरी पसंत आहे, किंवा ते याच्याइतकं तरी, किंवा दोन्ही सारखीच. "मला ठरवता येत नाही" हे उत्तर त्यात बसत नाही. 'सारखीच' आणि 'ठरवता येत नाही' यांत मोठा फरक आहे. सारखी असतील तर चिठ्ठी टाकून भागतं. घराजवळचं साधं कॉलेज आणि शहरातलं नावाजलेलं कॉलेज यांत अडकलेल्या मुलीला चिठ्ठी टाका म्हटलं तर ती रडेल.

दुसरी अट संक्रमणतेची : क हे ख-इतकं तरी पसंत, ख हे ग-इतकं तरी पसंत, तर क हे ग-इतकं तरी पसंत असलं पाहिजे. वाचताना यात वावगं काही दिसत नाही. पण १९५४ मध्ये केनेथ मे यांनी ६२ विद्यार्थ्यांपुढे तीन काल्पनिक जोडीदार ठेवले. एक अतिशय बुद्धिमान, पण दिसायला साधा आणि खाऊनपिऊन सुखी. दुसरा बुद्धिमान, फार देखणा, पण गरीब. तिसरा बऱ्यापैकी बुद्धिमान, देखणा आणि श्रीमंत. दोन-दोन समोर ठेवून विचारलं तेव्हा १७ जणांची पसंती गोल फिरली : पहिला दुसऱ्यापेक्षा बरा, दुसरा तिसऱ्यापेक्षा, आणि तिसरा पहिल्यापेक्षा. बुद्धी, रूप, पैसा या तीन कसोट्यांपैकी दोन ज्याच्या बाजूने, तो जिंकला. आपल्याकडची स्थळं पाहण्याची बैठक आठवा. हे चक्र ओळखीचं वाटेल. पसंती अशी गोल फिरली की तिला कोणतीही आकड्यांची पट्टी चिकटवता येत नाही.

डंकन ल्यूस यांनी १९५६ मध्ये आणखी नाजूक जागी बोट ठेवलं. कॉफीचे ४०१ कप कल्पा. पहिल्यात साखरेचा एक खडा आणि पुढे प्रत्येकात खड्याचा शंभरावा भाग जास्त. शेवटच्यात पाच खडे. शेजारच्या दोन कपांतला फरक जिभेला कळत नाही, म्हणून दोन्ही सारखेच. पण पहिला आणि शेवटचा? एक खडा घेणारा माणूस पाच खड्यांची कॉफी बाजूला सारेल. न जाणवणारे फरक साठत जाऊन जाणवणारा फरक होतो. सारखेपणा साखळीने पुढे जातो हे गृहीतक इथे तुटतं.

दोन्ही अटी पाळल्या तरी एक अडचण उरते, ती जेरार द्यब्र्यू यांनी दाखवली. एक वडील म्हणाले, आधी अंतर. जरासंसुद्धा जवळ असेल ते आधी, आणि अंतर अगदी समसमान असेल तरच फी पाहायची. दहा कॉलेजं असतील तर या क्रमाला आकडे सहज देता येतात. पण अंतर आणि फी हव्या तितक्या बारीक बदलू शकत असतील, तर प्रत्येक अंतरासाठी संख्यारेषेवर स्वतंत्र पट्टा राखावा लागतो आणि इतके पट्टे तिच्यावर मावतच नाहीत. पसंती स्पष्ट, सुसंगत, आणि तरी उपयोगितेचं फलन नाही! म्हणून तिथे सातत्याची आणखी एक अट घालतात. पसंती आधी, आकडे नंतर, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. माणसाने जे निवडलं त्यावरून त्याची पसंती ओळखायची, ही सॅम्युएल्सन यांची १९३८ सालची वाट. ती उपयुक्त आहे, पण ती वापरताना माणसाला काय शक्य होतं हे आधी पाहावं लागतं. निवड म्हणजे शक्य असलेल्या पर्यायांतला सर्वांत पसंत पर्याय. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, पण संध्याकाळची गाडी नसेल तर तालुक्याचं कॉलेज यादीत येतच नाही. उद्या गाडी सुरू झाली की यादी बदलते, मुलीची आवड मात्र होती तीच असते. अमर्त्य सेन यांनी १९७७ च्या निबंधात आणखी पुढचं सांगितलं : माणूस बांधिलकीपोटी स्वतःच्या हिताविरुद्धही निवड करतो. धाकट्या भावाची फी निघावी म्हणून जवळचं कॉलेज वर टाकणारी मुलगी मी पाहिली आहे. तिची यादी वाचून "हिला हेच आवडतं" असं कोणी म्हणालं, तर मी ते मान्य करणार नाही.

पालकांना माझी विनंती आहे. अर्ज भरायला बसाल तेव्हा आधी दोन-दोन कॉलेजं समोर ठेवून मुलीला विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. उत्तरं गोल फिरली तर ती कोणत्या कसोट्यांवर अडखळते ते पाहा. गाडी, वसतिगृह, फी यांचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. तेव्हा पहिल्या रकान्यात तिला खरोखर जायचं असेल तेच कॉलेज लिहा.