विश्लेषण : सायकलच्या चाकात हवा नेमकी किती हवी?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की वारणानगर-कोडोली परिसरातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्याच रस्त्याच्या कडेने शाळा-कॉलेजची मुले सायकल हाकत असतात. कोणाच्या कॅरिअरला दप्तर, कोणाच्या हँडलला दुधाची किटली. ट्रॉलीला वाट देताना चाक डांबरावरून खाली खडीत उतरते. टायर मऊ असेल तर नेमके तिथेच हँडल वळवळते. ब्रेक आणि चेन आपण अधूनमधून बघतो. हवा मात्र चाक रस्त्याला टेकल्याशिवाय आठवत नाही.

हवा कमी असली तर काय बिघडते?

खड्ड्याच्या धारेवर चाक आपटले की मऊ टायर पूर्ण दबतो आणि ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिमटली जाते. पंक्चर काढणाऱ्याला हे लगेच ओळखू येते : ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा. खिळा किंवा काटा टोचला तर बहुतेक एकच भोक असते. अशी दोन चिरांची पंक्चर पुन्हा पुन्हा होत असतील तर रस्त्यावर काटे शोधू नका, हवा वाढवा. शिवाय टायरच्या बाजूच्या भिंतीला तडे जातात, रिम वाकते आणि पायडल मारताना दम लागतो तो वेगळाच.

मग ‘टाइट मारा’ म्हणणे बरोबर?

आपल्याकडे दुकानात गेल्यावर हेच सांगितले जाते, आणि ते अर्धेच बरोबर आहे. गुळगुळीत रस्त्यावर कडक टायर हलका पळतो. पण आपले रस्ते कसे आहेत ते सांगायला नको. कडक टायर खडीवर उड्या मारतो, त्याची पकड कमी होते आणि प्रत्येक धक्का मनगटात व कमरेत जातो. टायरच्या बाजूला बारीक उठावाच्या इंग्रजी अक्षरांत दाबाचा आकडा असतो, ‘पीएसआय’ किंवा ‘बार’मध्ये. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. ‘मॅक्स’ या शब्दापुढचा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोज गाठायचे लक्ष्य नव्हे. जाड टायरच्या गिअर सायकलला साधारण ३० ते ५०, तर शर्यतीच्या बारीक टायरला ८० ते ११० पीएसआय लागतात. आपल्या टायरवर जे छापले आहे, तेच शेवटी खरे.

अंगठ्याने दाबून कळत नाही का?

टायर अगदीच बसला असेल तर कळते. त्यापुढे अंगठा फसवतो. आपण दाबतो ती आतली हवा नसते, तर तिने ताणलेले टायरचे कापड व रबर असते. हा ताण दाबाबरोबर टायरच्या जाडीवरही ठरतो. त्यामुळे दाब सारखाच असला तरी जाड टायर अंगठ्याला अधिक कडक लागतो.

गेज लावला की झाले?

इथेच गोची आहे. आपल्या साध्या, काळ्या सायकलींना जो व्हॉल्व्ह असतो, त्यात छोट्या रबरी नळीचा, म्हणजे व्हॉल्व्ह ट्यूबचा, पडदा असतो. हवा आत जाते, पण बाहेर येऊ दिली जात नाही. गेजपर्यंत हवाच पोहोचली नाही तर काटा हलणार कसा? मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेल्या गिअर सायकलीवर मात्र साधा गेज चालतो.

(हवेच्या टायरचे पेटंट जॉन डनलॉप यांनी १८८८ मध्ये घेतले. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले होते.)

गेज चालत नसेल तर?

मोजपट्टी चालते. अमेरिकी अभियंते फ्रँक बर्टो यांनी एक सोपा हिशेब मांडला : स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबावा. सायकल भिंतीला लावून रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. मग नेहमीच्या ओझ्यासह, म्हणजे दप्तर किंवा किटलीसकट, सायकलवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. साध्या सायकलचा टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो सुमारे ५ मिलिमीटर दबला तर हवा बरोबर. २.१ इंची जाड टायरला ८ मिलिमीटर. जास्त दबला तर हवा भरा, कमी दबला तर थोडी सोडा. टायरवरच्या आकड्याची मर्यादा ओलांडायची नाही. मागच्या चाकावर भार जास्त असतो आणि कॅरिअरवर कोणी बसले तर आणखी वाढतो. म्हणून मागचा टायर पुढच्यापेक्षा थोडा कडक ठेवावा.

उन्हात टायर फुटतो का?

सावलीत २५ अंशांना ५० पीएसआय भरलेला टायर उन्हात ६० अंशांपर्यंत तापला तर दाब ५७-५८ पर्यंत जातो. धडधाकट टायर एवढे सहज सोसतो. फुटतो तो मुळातच काठोकाठ भरलेला किंवा धागे तुटून फुगा आलेला. असा फुगा दिसला की टायर बदलायचा, त्याला दुसरा उपाय नाही. हवा तपासायची ती सकाळी, टायर गार असताना.

पेट्रोल पंपावर हवा भरावी का?

भरता येते, पण जपून. साध्या सायकलच्या ट्यूबमध्ये जेमतेम दोन लिटर जागा असते. मोटारीच्या टायरसाठी असलेला कॉम्प्रेसर ती काही सेकंदांत भरतो आणि थांबायला क्षणभर उशीर झाला तर ट्यूब फुटते, तीही चेहऱ्याजवळ. थोडी थोडी, थांबून भरायला सांगा. आणि मुलाला एकट्याला पाठवू नका. घरी पायाने दाबून धरायचा हातपंप असेल तर हा प्रश्नच येत नाही.

किती दिवसांनी तपासायची?

पंक्चर नसतानाही ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच, त्यामुळे आठवड्यातून एकदा. दोन दिवसांतच उतरत असेल तर आधी व्हॉल्व्हवर पाणी किंवा थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहा. आला तर व्हॉल्व्ह ट्यूब कुजलेली असते. ती काही रुपयांत मिळते आणि बदलायला दोन मिनिटे लागतात. बुडबुडा नाही आला, तर ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवावी लागेल.