सर्व्हरचं मागचं दार उघडं आहे ना? स्क्रिप्टला विचारू द्या!



मागच्या दिवाळीत आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर ऑर्डर अडकायला लागल्या. दुरुस्तीसाठी लॅपटॉप उघडला, तर सर्व्हरवर लॉगिनच होईना. चूक माझीच होती. दोन दिवसांपूर्वी सेटिंगच्या फाइलमध्ये एक शब्द चुकला होता, आणि सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर लॉगिनची सेवा उठलीच नाही. वेबसाइट उघडत होती, म्हणून मला पत्ताच नाही. ऐन सीझनमध्ये अर्धा दिवस गेला!

वेबसाइट म्हणजे दुकानाचं शटर, आणि एसएसएच म्हणजे मालकाचं मागचं दार. १९९५ साली फिनलंडच्या तातू यलोनेन यांनी ते बनवलं. सहसा ते पोर्ट २२ वर चालतं. शटर वर आहे म्हणून मागचं दार उघडेलच असं नाही. ते वेगळं तपासावं लागतं.

तपासायचं काय?

१. पिंग: सर्व्हर जिवंत आहे एवढंच कळतं. लॉगिन बंद असलं तरी पिंगला उत्तर येतं.
२. पोर्ट २२: दारावर टकटक. कोणीतरी ऐकतंय, एवढं कळतं.
३. पहिली ओळ: जोडणी होताच, पासवर्ड विचारायच्या आधीच, सर्व्हर 'एसएसएच-२.०' ने सुरू होणारी ओळ पाठवतो. ती आली म्हणजे सेवा खरंच बोलतेय.
४. प्रत्यक्ष लॉगिन: डिस्क भरली किंवा खात्यात गडबड असली, तर इथेच कळतं. यासाठी वेगळा यूजर ठेवा. त्याला की द्या, आणि एकच साधी कमांड चालवायची परवानगी. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहू नका.

स्क्रिप्ट कशी चालते?

क्रॉन दर ५ मिनिटांनी स्क्रिप्ट चालवतो. ५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर एक नापास. सलग तीन नापास झाले की टेलिग्रामवर मेसेज, आणि सेवा परत आली की दुसरा. प्रत्येक नापासाला मेसेज पाठवाल, तर आठवड्यात तुम्हीच तो म्यूट कराल. वेळ आणि निकाल फाइलमध्ये लिहून ठेवा.

स्क्रिप्ट ठेवायची कुठे?

त्याच सर्व्हरवर नको. सर्व्हर बंद पडला तर सांगणार कोण? दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवली, तर आपल्या गंगाखेडात लाइट गेली की पहारेकरीच झोपला. नुसतं नेट गेलं तरी खोटी ओरड. म्हणून स्क्रिप्टने आधी स्वतःचं नेट तपासावं. जमलं तर दुसऱ्या ठिकाणचा एक छोटा, स्वस्त सर्व्हर घ्या.

आणि सेटिंग बदलताना चालू असलेली विंडो बंद करू नका. सेवा रीस्टार्ट करा, दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघा, मगच पहिली बंद करा. एवढं मी केलं असतं, तर दिवाळीच्या ऑर्डर वेळेत गेल्या असत्या.

आज एकच काम करा: आपल्या सर्व्हरवर लॉगिन करून बघा. शेवटचं कधी केलं होतं, आठवतंय का?