हेरांना विंडोजच का आवडलं?

हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्पायवेअर, विंडोजच्या मागे का लागतं? वापरणारे जास्त म्हणून, असं ठरलेलं उत्तर मिळतं. पण तेवढ्याने भागत नाही.

2001 साली विंडोज एक्सपी आलं. घरच्या संगणकावर ते बसवलं की वापरणाऱ्याचं खातं थेट ॲडमिनिस्ट्रेटरचं व्हायचं. नुसत्या बातम्या वाचायला इंटरनेट एक्सप्लोरर उघडलं, तरी त्या ब्राउझरला अख्ख्या संगणकात ढवळाढवळ करण्याची मुभा. त्यात ॲक्टिव्हएक्सची सोय. एका ‘येस’वर क्लिक केलं की वेबसाइटवरचा प्रोग्राम आत शिरे. काझासारखं गाण्यांचं सॉफ्टवेअर फुकट घेतलं, तर जाहिराती दाखवणारे बिनबोलावलेले प्रोग्रामही सोबत येत. कूलवेबसर्च तर ब्राउझरचं सुरुवातीचं पानच बदलून टाकी आणि काढता निघत नसे. गर्दी होतीच, पण दारंही उघडी होती. 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 ने ॲक्टिव्हएक्सला लगाम घातला. 2007 मध्ये आलेलं व्हिस्टा प्रत्येक मोठ्या बदलाआधी परवानगी मागू लागलं. लोक त्या चौकटीवर वैतागले, पण माझ्या मते ती फार आधी यायला हवी होती.

युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्स आणि मॅकमध्ये साधा वापरकर्ता आणि सर्वाधिकारी ‘रूट’ मुळातच वेगळे. तरी 2012 मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रामने सहा लाखांहून अधिक मॅक गाठले, तेही जावातल्या एका त्रुटीतून. जावा सांभाळणाऱ्या ओरॅकलने तिची दुरुस्ती फेब्रुवारीत दिली होती. ॲपलकडून ती मॅकवर पोहोचली एप्रिलमध्ये. मधले आठवडे फ्लॅशबॅकच्या कामी आले.

पाळत एकाच माणसावर ठेवायची असेल, तर गर्दीचा हिशेबच उरत नाही. ऑगस्ट 2016 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर लिंक असलेला संशयास्पद मेसेज आला. त्यांनी लिंक न उघडता तो टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबला पाठवला. त्यामागे पेगॅसस नावाचं स्पायवेअर होतं, आणि आयफोनमधल्या तोवर अज्ञात असलेल्या तीन त्रुटी. अशी साखळी जुळवायला अफाट पैसा लागतो, म्हणून ती सामान्यांवर उधळत नाहीत. पत्रकार, वकील, विरोधक यांच्यासाठी राखून ठेवतात. तिथे भक्ष्य आधी ठरतं, आणि त्याच्या खिशात जो फोन असेल तो फोडायचा. 2022 मध्ये ॲपलने अशा मोजक्यांसाठी ‘लॉकडाउन मोड’ आणला. तो चालू केला की मेसेजमधली बहुतेक अटॅचमेंट अडवली जातात आणि लिंकची झलकही दिसत नाही.