गॅस गीझर लावलाय? मग खिडकी उघडी ठेवा

मुंबईच्या थंडीचं नाशिक-नागपूरकडच्यांना हसूच येतं. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं! पण बोरिवली, मुलुंडकडे पहाटे डोंगरावरचा गार वारा सुटला, की सहाच्या आंघोळीला कढत पाणी लागतंच. आणि लोकल गाठायची असल्यामुळे ते लगेच लागतं. म्हणून घरोघरी गॅस गीझर आले. आता तालुक्याच्या गावीही तेच.

आपल्या आजीकडे तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. राख काढा, चिंचेने घासा, कटकट भरपूर. पण तो असायचा अंगणात नाहीतर पडवीत, आणि धूर कोंडला की डोळे चुरचुरून सगळ्यांना कळायचं. गॅस गीझर आपण थेट चार बाय सहाच्या न्हाणीघरात टांगला आणि वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावला!

मैत्रिणींनो, ज्योतीला हवा लागते. कोंडलेल्या जागेत प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडर गळला तर वास येतो, इथे तोही नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी समोर दिसत असते पण हात उचलत नाही. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीतली एक शाळकरी मुलगी अशीच गेली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, संशय गीझरच्या वायूवरच होता. तेव्हा तर थंडीही नव्हती.

गीझर गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीला लावून नुसता नळ आत घेणं सर्वांत चांगलं. भाड्याच्या घरात ते जमत नसेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मगच आंघोळीला जा. पाठोपाठ चौघांच्या आंघोळी उरकायच्या घरात हे कंटाळवाणं वाटतं, सासूबाईही कुरकुरतात. कुरकुरू द्या. मुलींना आतून कडी लावू नका म्हणणं अवघड, पण बाहेरून उघडता येईल अशी कडी सुतार बसवून देतो.

गीझर पेटेना, तर आधी सेल बदलून पाहा. वरच्या मजल्यावर टाकीच्या पाण्याला जोर नसला तरी तो पेटत नाही. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात. वर्षातून एकदा मेकॅनिककडून काजळी आणि क्षार साफ करून घ्या, आणि ज्योत दाखवायला सांगा. निळी हवी. पिवळी दिसली की वापर बंद.

कोणी आत पडलंच तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून निश्चिंत होऊ नका. हा वायू रक्तात चिकटला तरी ते यंत्र आकडा चांगलाच दाखवतं. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.