बळाचा जमाखर्च

अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेल्या मैंदर्गी गावी गेल्या उन्हाळ्यात मी मामांच्या घरी आठ दिवस राहिलो, आणि ऊन तापण्यापूर्वी ओसरीवरच्या पलंगाशी रोज जे काम चाले ते अगदी जवळून पाहिले. मामांची सारी हयात तहसील कचेरीत दप्तर सांभाळण्यात गेली होती. त्यांच्या उजव्या हाताने पहिला दगा दिला तो कुलपात किल्ली फिरविताना. पुढे निदान झाले ते अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिसचे. पॅरिसच्या शार्को या वैद्याने 1869 साली वर्णिलेल्या या व्याधीत, स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतापेशी मरत जातात आणि हुकूम न पोचल्याने स्नायू झडू लागतात. 1995 पासून मिळू लागलेले रिल्युझोल हे औषध रोगाची चाल किंचित मंदावते, इतकेच.

व्यायाम म्हटला की घाम आणि जोर, हीच आपल्या मनातली कल्पना असते. आरंभी एका ठिकाणी मामांकडून याच समजुतीने वजने उचलून घेतली गेली, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांना चहाची कपबशीही धरवेना. याचे कारण असे की, मेलेल्या पेशींच्या वाट्याचे स्नायुतंतू शेजारच्या जिवंत पेशी काही काळ आपल्या पदरी घेतात. रिकाम्या जागा न भरलेल्या कचेरीत उरलेल्या कारकुनांवर सारे काम पडावे, तशी त्यांची अवस्था असते. तेथे जास्त तगादा लावून चालत नाही.

म्हणून मामी जे करीत ते बळ कमाविण्यासाठी नव्हते, तर सांधा आखडू नये आणि खांदा दुखू नये यासाठी होते. एका तळहातावर कोपर आणि दुसऱ्यावर मनगट तोलून त्या हात इतका सावकाश वर नेत, की त्याचे ओझे खांद्याला क्षणभरही लोंबकळून ओढीत नसे. बोटे उलगडण्याची त्यांची रीत मला विशेष वाटली: घडीवर फाटेल या धास्तीने जुना दस्तऐवज उघडावा, तसे एकेक बोट, आणि सर्वांत शेवटी अंगठा. मग टाच तळहातात घेऊन, पाऊल आपल्या मनगट-कोपरामधल्या भागाला टेकवून त्या ते नडगीकडे दाबीत आणि मनात वीस अंक मोजीत. त्या वेळी पोटरीच्या कातडीखाली, मुंग्यांची रांग चालावी तसे, स्नायू आपोआप फडफडताना दिसत.

“अहो, बास का?” मामी विचारीत, आणि मामा जड जिभेने कानडीत म्हणत, “साकु.” त्या एका शब्दानंतर हात पुढे जात नसे.

हे सारे एका वहीत चढे. कोणता सांधा, किती वेळा, दुसऱ्या सकाळी थकवा उरला की नाही, असा तो रोजनामा मजकूर सांगून मामाच लिहवून घेत. थकवा उरला असेल त्या दिवशी निम्मेच काम. बेताच्या व्यायामाची पारखही झालेली आहे: इस्राएलमध्ये 2001 साली याच रोगाच्या 25 रुग्णांच्या चाचणीत दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांचा माफक व्यायाम करणाऱ्यांची कार्यक्षमता तीन महिन्यांनी इतरांहून कमी खालावलेली आढळली. सहा महिन्यांनी मात्र तो फरक ठळक उरला नाही. हा लाभ तात्पुरता खरा, पण स्वतःच्या हाताने घास घेता येण्याचे तीन महिने त्या घरात थोडे नसतात, हे मी पाहिले आहे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावाच, पण कोठे थांबावे हेही विचारून घ्यावे. आणि आडवे होताच दम लागू लागला किंवा सकाळी उठल्यावर डोके दुखू लागले, तर व्यायाम बाजूला ठेवून विनाविलंब डॉक्टरांना गाठावे, कारण श्वासाचे स्नायू थकू लागल्याची ती खूण असू शकते.