गंधकाची गाठ

डिसेंबर सरत आला की निफाड-चांदवड पट्ट्यात उन्हाळ कांद्याच्या लागणीला माणूस मिळत नाही. आतेभावाच्या मळ्यात गेलो तेव्हा बायका वाफ्यात वाकून रोप लावत होत्या आणि बांधावर खताच्या गोण्या रचलेल्या होत्या. त्यातली एक उसवलेली. आत मसुराच्या डाळीएवढे, पिवळट-करडे दाणे. बेंटोनाइट सल्फर, ९० टक्के.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सल्फर टाकल्याशिवाय कलर येत नाही, अन् चाळीत टिकतपण नाही," तो म्हणाला. मग खिशातून चार घड्या घातलेली जमीन आरोग्यपत्रिका काढून त्याने गंधकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकान्यात 'कमी' असं लिहिलं होतं.

त्याचं काही चुकत नव्हतं. तरी त्या 'कमी'पाशी मी अडलो. ती पत्रिका मातीतलं सगळं गंधक मोजत नाही, पिकाला लगेच उचलता येईल तेवढंच मोजते. म्हणजे हातातली रोकड मोजते. पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीचा हिशेब तिच्यात नसतो. आणि मातीत गंधकाची ठेव असते, बऱ्याचदा रोकडीहून मोठी. ती सोडवून आणणारं एक खातं आहे, त्याची ही गोष्ट.

कांद्याला गंधक लागतं कशासाठी, हे कांदा चिरताना कळतंच. मुळं मातीतून सल्फेट ओढतात. जवळजवळ याच एका रूपात पीक मातीतलं गंधक घेतं. नुसत्या गंधकाचा दाणा मुळापाशी नेऊन ठेवला तरी उपयोग शून्य. पानात त्या सल्फेटचं सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल होतं आणि त्यापासून पुढे कांद्याची खास गंधकयुक्त द्रव्यं तयार होतात. सुरी फिरली की पेशी फुटतात, आतली एन्झाइमं या द्रव्यांवर तुटून पडतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. या शेवटच्या पायरीसाठी वेगळं एन्झाइम असतं, हे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना २०१३ चं इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचारात पाडणारं पारितोषिक.

उलटा दाखला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा. तिथला विडालिया कांदा सफरचंदासारखा गोड म्हणून विकला जातो. त्यात वाणाचा भाग आहेच, पण मोठा वाटा तिथल्या रेताड, गंधकाने गरीब जमिनीचा. गंधक नाही म्हणून झणका नाही. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून ते नाव ठराविक भागापुरतं राखून ठेवलं. जमिनीतली उणीव विकून पैसा करणं यालाच म्हणतात. आपल्याकडे भाकरीबरोबर बुक्कीने फोडून खायच्या कांद्याला असला गोडवा चालायचा नाही.

आता ती अडकलेली ठेव. पालापाचोळा, शेण, मेलेली मुळं, मेलेले जिवाणू या सगळ्यांतून गंधक मातीत येतं ते सेंद्रिय रूपात. जगभरातल्या ओलसर, सेंद्रिय मातीच्या वरच्या थरात ९० टक्क्यांहून जास्त गंधक असं असतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत हा वाटा त्याहून कमी भरतो, पण नगण्य नसतो. या सेंद्रिय गंधकातला मोठा भाग, साधारण ३० ते ७० टक्के, 'सल्फेट एस्टर' असतो. म्हणजे सल्फेट तयारच आहे, फक्त एका ऑक्सिजनच्या गाठीने ते कुठल्या तरी सेंद्रिय रेणूला बांधलेलं आहे. गाठ सुटली की सल्फेट मोकळं, नाही सुटली तर मुळाच्या तोंडाशी असूनही पीक उपाशी.

आणि ही गाठ आपणहून सुटत नाही. साध्या पाण्यात, साध्या तापमानाला हे एस्टर कमालीचे चिवट असतात. ती सोडवणारं एन्झाइम म्हणजे सल्फेटेज. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. शब्द चांगला आहे, पण परीक्षेनंतर तो कुणाच्या तोंडी राहत नाही. मातीतल्या सल्फेटेजपैकी सगळ्यात जास्त मोजलं गेलेलं ते अरिलसल्फेटेज.

ते मोजायची रीत १९७० मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात तबाताबाई आणि ब्रेम्नर यांनी बसवली. ती इतकी सोपी आहे की अजून तीच चालते. एक ग्रॅम माती घ्यायची. तिच्यात पॅरा-नायट्रोफेनिल सल्फेटचं रंगहीन द्रावण घालायचं. ३७ अंशांवर तासभर ठेवायचं. मातीत सल्फेटेज असेल तर ते सल्फेट कापून वेगळं करतं आणि मागे नायट्रोफेनॉल उरतं. मग अल्कली घालून गाळलं की नळीत पिवळा रंग उतरतो. माती जितकी जिवंत तितका रंग गडद. हळदीच्या पाण्यासारखा पिवळा रंग ज्या नळीत येतो, ती माती बहुधा बांधाकडची, गवताखालची असते. वर्षानुवर्षं नांगरलेल्या, शेणखत न पाहिलेल्या वावराची नळी फिकी निघते.

हे एन्झाइम बनवतात मुख्यतः जिवाणू आणि बुरशी, आणि तेही स्वतःच्या गरजेपुरतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कित्येक जिवाणूंत असं दिसतं की भोवती सल्फेट मुबलक असेल तर ते सल्फेटेज बनवणंच थांबवतात, आणि उपासमार झाली की पुन्हा कामाला लागतात. गंमत पुढेच आहे. जिवाणू मेला तरी त्याचं एन्झाइम चिकणमातीच्या आणि ह्यूमसच्या कणांना चिकटून राहतं आणि काही काळ काम करत राहतं. शिंपी गेला तरी कात्री चालतेच आहे, असा प्रकार.

पण सुटलेलं सल्फेट कांद्यालाच मिळेल, असं नाही. जिवाणूंनाही ते हवं असतं. इथे हिशेब कर्ब आणि गंधकाच्या प्रमाणाचा. मातीत घातलेल्या सेंद्रिय पदार्थात एका भाग गंधकामागे कर्ब २०० भागांहून कमी असेल तर सल्फेट शिल्लक राहून पिकाला मिळतं. ४०० च्या वर गेला की उलट होतं, जिवाणूच मातीतलं उरलंसुरलं सल्फेट ओढून घेतात. कच्चं भुसकट गाडलं की पीक पिवळं पडतं आणि चांगलं कुजलेलं शेणखत पडलं की हिरवं होतं, हे जुन्या माणसांना आकड्यांशिवाय ठाऊक होतं. त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. कांद्याची मुळं उथळ, बहुतेक वीतभर खोलीतच फिरणारी, आणि सल्फेटेजही सर्वात जास्त असतं ते त्याच वीतभर थरात.

रोकड आटली कशी, याचं एक कारण खताच्या दुकानात आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदासोबत ११-१२ टक्के गंधक फुकट यायचं. अमोनियम सल्फेटमध्ये २४ टक्के. त्यांच्या जागी डीएपी आणि युरिया आले, आणि दोन्हींत गंधक नाही. फुकट येणारं थांबलं, म्हणून आता ते वेगळ्या गोणीतून विकत आणायचं. शेजारच्या द्राक्षबागेत मात्र भुरीसाठी गंधकाची फवारणी-धुरळणी इतकी होते की हंगामात दिंडोरी रस्त्याने जाताना नाकाला कळतं.

  

सल्फेटेजची हीच कात्री नाशिकच्या दुसऱ्या एका पिकात शेतकऱ्याच्या विरुद्ध चालते. गिरणारे, सिन्नरकडच्या कोबी-फ्लॉवरवाल्याला विचारा, तो 'चौकोनी ठिपक्यांचा पतंग' हे नाव शिवीसारखं उच्चारेल. पतंग नखाएवढा. पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यासारख्या नक्षीची ओळ दिसते. अळी हिरवी, बारीक. डिवचली की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरते. ती पानाचा हिरवा गर खाते, वरचा पापुद्रा ठेवते, त्यामुळे पानाला खिडक्या पडल्यासारख्या दिसतात.

कोबी, मोहरी, मुळा ही सगळी एका कुळातली, आणि या कुळाकडे एक दारूगोळा असतो. पानात एका कप्प्यात ग्लुकोसिनोलेट आणि दुसऱ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. कुणी पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि मोहरीचा तो नाकात जाणारा झणझणीतपणा तयार होतो. लोणच्यात आपल्याला तो आवडतो. बहुतेक किड्यांसाठी तो विष असतो. आता ग्लुकोसिनोलेटच्या रेणूला एका टोकाला सल्फेट बांधलेलं असतं. २००२ मध्येच जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने दाखवून दिलं की या पतंगाच्या अळीच्या आतड्यात एक सल्फेटेज असतं आणि ते मायरोसिनेज पोचायच्या आत हे सल्फेट कापून टाकतं. उरलेला रेणू मायरोसिनेजला ओळखताच येत नाही. बाँब तिथेच असतो, फक्त वात काढून घेतलेली.

वर या पतंगाच्या माद्या त्याच वासाचा माग काढत येतात. जे इतरांना हाकलतं तेच हिच्यासाठी आमंत्रण. म्हणून कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायची शिफारस आहे: माद्या अंडी घालायला मोहरीवर जातात आणि फवारणी तेवढ्याच ओळींवर करता येते. ज्या एन्झाइमच्या जोरावर ती मोहरी पचवते, त्याच मोहरीच्या ओढीने तिला फसवायचं. मला ही युक्ती फार आवडते. शेतकऱ्यांना कमी आवडते, कारण दोन ओळींची जागा जाते. आणि औषधांचं म्हणाल, तर डीडीटीला दाद न देणारा हा पतंग जावा बेटावर १९५३ मध्येच नोंदला गेला होता.

ही कात्री फक्त मातीत आणि अळीतच नाही, माणसाच्या शरीरातही अशी १७ सल्फेटेजं आहेत. आईच्या पोटात असताना वार सल्फेट बांधलेलं संप्रेरक घेऊन, ती गाठ सोडवून त्यापासून इस्ट्रोजेन बनवते. ज्या मुलग्यांत हे एन्झाइम नसतं त्यांची त्वचा पुढे खवल्यांसारखी सुटते. इतर काही सल्फेटेजं पेशीतल्या लयकारिकांमध्ये, म्हणजे कचरा मोडणाऱ्या पिशव्यांमध्ये, बसून जुन्या, सल्फेट लागलेल्या साखरेच्या लांब साखळ्या मोडतात. त्यातलं एक जरी नसलं तरी साखळ्या साचत जातात. १९१७ मध्ये चार्ल्स हंटर या डॉक्टरांनी दोन भावांमध्ये असा आजार नोंदवला. चेहरा जाड, सांधे आखडलेले, पोट मोठं. आज त्याला हंटर सिंड्रोम म्हणतात, आणि तो मुख्यतः मुलग्यांना होतो. बनवलेलं एन्झाइम २००६ पासून मिळतं. ते दर आठवड्याला शिरेतून द्यावं लागतं, खर्च वर्षाला कोटीच्या घरात जाऊ शकतो आणि ते मेंदूपर्यंत पोचत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार ठरवलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. मदतीची मर्यादा पुढे ५० लाखांपर्यंत वाढवली गेली. दर आठवड्याच्या औषधापुढे ५० लाख किती दिवस पुरणार, हा हिशेब त्या आईबापांना तोंडपाठ असतो.

काही मुलांत तर सगळीच सल्फेटेजं एकदम निकामी असतात. वेगवेगळ्या जनुकांतून बनणारी १७ एन्झाइमं एकाच वेळी कशी बिघडतील? याचं उत्तर गटिंगेन इथल्या कुर्ट फॉन फिगुरा यांच्या गटाला १९९५ मध्ये सापडलं. प्रथिन बनत असताना त्यातल्या एका सिस्टीनचं रूप बदलून फॉर्मिलग्लायसिन करावं लागतं. ते झालं तरच गाठ पकडता येते, नाहीतर कात्रीला पातंच नसतं. हे पातं बसवणारा कारागीर एकच, आणि त्याचं जनुक २००३ मध्ये ओळखलं गेलं. तो बिघडला की सगळ्या कात्र्या बोथट. जिवाणूंतल्या बऱ्याच सल्फेटेजांतही पातं हेच असतं. ज्या सिस्टीनपासून कांद्याचा झणका बनतो, तेच या कात्रीचं लोखंड. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

हे सगळं आतेभावाला सांगितलं, कोबीच्या अळीसकट. त्याने शांतपणे ऐकलं. मग उसवलेल्या गोणीकडे बघत म्हणाला, "मग ही टाकू का नको?"

"टाक," मी म्हटलं. लागणीनंतर चार महिन्यांत कांदा काढायचा आहे, आणि गोणीतल्या गंधकाचंही सल्फेट करायला जिवाणूच लागतात, तेव्हा जितकं लवकर पडेल तितकं बरं. "पण पुढच्या वर्षी आधी शेणखताच्या दोन ट्रॉल्या टाक. चांगलं कुजलेलं."

तो हसला. "शेणखत मिळतं कुठं? गावातलं सगळं द्राक्षवाले मे महिन्यातच उचलतात." आणि गोणी खांद्यावर मारून तो वाफ्याकडे निघाला.